‘भ’च्या डोक्यावरची खिडकी

कांजूरमार्ग
६ एप्रिल २०२५

जान्हवी,

हातानं लिहिते आहे. ईमेल केला असता तर तो तुझ्या स्क्रीनवर त्याच फॉन्टात उघडला असता, आणि माझा राग तुझ्याच कंपनीनं गुळगुळीत करून तुला वाचायला दिला असता. ते मला नको होतं. चार वर्षांत तू एक ओळ लिहिली नाहीस. आता माझं गिचमिड अक्षर लावत बस.

मुद्द्यावर येते. गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरनं न विचारता स्वतःला अपडेट केलं. चालू करून बघते तर सगळीकडे आपला फॉन्ट, ‘फळा’. मेनूत फळा, कॅलेंडरवर फळा, बँकेच्या पानावर फळा. दोन दिवसांनी फोनवरही तोच. सोसायटीच्या ग्रुपवर धोंडिराम काकांनी पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना टाकली, तीही फळ्यात. मुलुंडला फरसाणवाल्याच्या डोक्यावरच्या खोलीत, तळणाच्या वासात बसून आपण दोघींनी दोन वर्षं जी अक्षरं काढली, ती आता तुझ्या कंपनीच्या प्रत्येक यंत्रावर मराठीची ठरलेली अक्षरं झाली आहेत. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे झालं असतं तर मी पेढे वाटले असते. मी फॉन्टची माहिती उघडून पाहिली. ‘आरेखन: जान्हवी सावंत’. त्याखाली काही नाही.

अक्षरांचे हक्क कंपनीला देणाऱ्या त्या कागदावर मीही सही केली होती, ते नाकारत नाही. तू म्हणाली होतीस, ‘अगं फॉर्मॅलिटी आहे यार, कर ना सही, नाव दोघींचं येणार.’ केली. नाव गेलं तर गेलं, असं मी लोकांना सांगते. खोटं सांगते. पण आज मला त्याबद्दल भांडायचं नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की तू भ ची खिडकी का बुजवलीस?

हैदराबादला जाऊन बरंच विसरता येत असेल, म्हणून आठवण देते. कांजूर गावातल्या महापालिकेच्या शाळेत पहिलीला आपण एकाच बाकावर होतो, आणि शिकवायला माझी आई. मला घरी आई आणि वर्गात बाई, तुला दोन्हीकडे बाई. शांताबाईंच्या वर्गातलं पोर भ आणि म मध्ये कधी चुकत नाही, ध आणि घ मध्ये अडत नाही, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. कारण आई फळ्यावर भ काढताना डोक्यावरची रेघ चांगली रुंद तोडायची आणि म्हणायची, भ च्या घराला वर खिडकी आहे, म च्या घराला नाही. त्या खिडकीवरून तर आपण फॉन्ट सुरू केला. आईला खडू देऊन भिंतीला टेकवलेल्या काळ्या पुठ्ठ्यावर अख्खी बाराखडी लिहून घेतली होती आपण. तू फोटो काढत होतीस आणि आई म्हणत होती, जान्हवी, मला नको, अक्षराला धर.

आणि तू ती खिडकी अरुंद केलीस. मी मोजून पाहिलं. मूळ आराखड्यात होती त्याच्या निम्मीही उरलेली नाही. त्यावर कडा गुळगुळीत करणारं तुमचं ते स्मूदिंग. काळ्या कडेला करड्या ठिपक्यांची साय धरते आणि बारीक अक्षरात उरलेली फटही भरून जाते. माझं आडनाव भालेराव. बँकेच्या मेसेजमध्ये मालेराव दिसतं.

मी हसून सोडलं असतं, पण आई सकाळी टॅबवर बातम्या वाचते. परवा तिनं टॅब खाली ठेवला आणि म्हणाली, ‘चेतना, माझं डोळं गेलं गं. मला ध आणि घ कळंना.’ चाळीस वर्षं पोरांना ध शिकवलेली बाई. मी तिला म्हटलं, तुझे डोळे ठणठणीत आहेत, तुझ्या लाडक्या विद्यार्थिनीनं खिडकी बुजवली आहे. तिला किती बरं वाटलं हे तू बघायला हवं होतंस. लगेच तुझी बाजू घेतली तो भाग वेगळा.

उत्तर दे. ह्या वेळी तरी.

चेतना


११ मे २०२५

जान्हवी,

तुझा ईमेल मिळाला. छापून घेतला, आपल्या जुन्या फॉन्टात बदलून, मगच वाचला.

तू लिहितेस, ‘लहान आकारात रेघेतली मोकळी जागा तुटक दिसत होती. चाचणीत लोकांना ती छपाईची चूक वाटली, म्हणून कमी केली. मोठ्या आकारात ती व्यवस्थित दिसते. बाई टॅबवर अक्षर केवढं ठेवतात? मोठं ठेवूनही अडत असेल तर तो फॉन्टचा प्रश्न नाही. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने चेतना, उशीर करू नको.’

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. खिडकी तू बुजवायची आणि डोळे माझ्या आईचे तपासायचे. उद्या रस्त्यात खड्डा खणशील आणि पडणाऱ्याला म्हणशील, पाय दाखव डॉक्टरला. आईचे दोन्ही मोतीबिंदू काढून तीन वर्षं झाली. घाटकोपरच्या त्या डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं, आजी, आता सुईत दोरा ओवाल. ओवत होती. तुमचं अपडेट येईपर्यंत ओवत होती. आई अक्षर केवढं ठेवते ही चौकशी तुला कशाला? तुमची चाचणी ज्या लोकांवर केली त्यांत पंचाहत्तरीची एक तरी म्हातारी होती का, ते आधी सांग.

महिनाभर मी काय काय केलं ते ऐक. फॉन्ट काढून टाकायला गेले, तर यंत्र म्हणतं, हा प्रणालीसाठी आवश्यक आहे, काढता येणार नाही. आमचीच अक्षरं, आमच्याच घरात, आणि हलवायला परवानगी नाही. मग स्मूदिंग बंद केलं. अक्षरांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्या, वेलांट्यांना पायऱ्या आल्या. परत चालू केलं, पुन्हा साय. मधला काही पर्याय नाही. टॅबवर तर तेवढीही सोय नाही, जे दिसेल ते गोड मानून घ्यायचं. रात्रंदिवस पत्रिका आणि मसाल्याच्या पाकिटांवरची अक्षरं काढून मी पोट भरते, मला कडेचा एक ठिपका इकडे तिकडे झालेला कळतो. आणि मला तू सांगणार, फॉन्टचा प्रश्न नाही.

अजून एक पुरावा घे. परवा आई म्हणाली, रेघ सरळ नाही. शब्दाच्या मध्यावर ती खाली झोळ खाते, ओल्या दोरीवर गोधडी टाकल्यासारखी. मी तिच्या शेजारी बसून पाहिलं. मला सरळ दिसली, पण मी चष्म्यातून बघते आणि मला स्क्रीनची सवय आहे. अक्षराला अक्षर जोडताना तुमच्या यंत्रानं रेघ अर्ध्या ठिपक्यानं वर-खाली केली असणार, आणि जुन्या शिक्षिकेच्या नजरेला ते बरोबर सापडलं. फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारी बाई आहे ती. हे तुझ्या टीमला कळव.

उद्या बुद्धजयंती. आई खीर करणार आहे आणि दर वर्षीसारखं म्हणणार आहे, जान्हवीला आवडायची. मी वाट्या मांडणार आहे.

चेतना


१३ जुलै २०२५

जान्हवी,

दोन महिने उत्तर नाही. बरं.

गुरुवारी आषाढी पौर्णिमा झाली, वर्षावास सुरू झाला. तुला वेगळं सांगायला नको. आता तीन महिने रोज संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या विहारात ग्रंथवाचन, आणि वाचायला आई. बाबा भीमराज भालेराव विहाराचे पहिले सेक्रेटरी होते तेव्हापासून. लहानपणी तूही येऊन बसायचीस आणि तुझी आजी घरी विचारायची, कुठं होतंस गो इतक्या वेळ. आई वाचते तेव्हा पोळ्या लाटून, भांडी घासून आलेल्या बायका पाठ भिंतीला टेकतात आणि झोपत नाहीत. तिच्यासाठी ह्याहून मोठं जगात काही नाही. शाळा सुटली तेव्हा ती रडली नव्हती. वाचन सुटलं तर काय करेल, ह्याचा विचार मला करवत नाही.

पुस्तकाचं बारीक अक्षर तिला गेल्या वर्षीपासून झेपत नव्हतं, म्हणून ह्या वर्षी टॅब नेला. पहिलं पान तिनं छान वाचलं. दुसऱ्या पानावर एका ओळीत थांबली. परत सुरुवातीपासून वाचली, परत तिथंच थांबली. टॅब जवळ घेतला, लांब धरला, मान कलती केली. बायका हळूहळू सरळ बसल्या. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या मिथुनची बायको, माधुरी, पुढे सरकून म्हणाली, ‘बाई, मी वाचू का थोडं? तुम्ही पाणी प्या ना.’

आई म्हणाली, ‘वाच बाळा. आज माझं जमंना.’

माधुरी चांगलं वाचते. बँकेत काम करते, आवाज मोकळा आहे. पण ती वाचत असताना आई मांडीवरचा पदर घड्या घालून सारखा करत बसली होती, आणि मला त्या वेळी तू समोर हवी होतीस.

घरी आल्यावर तिनं विचारलं, ‘चेतना, एकदा डोळं दाखवू या का गं?’ बघ, तू पेरलेलं कसं उगवलं. फोनवरून नाही, पत्रातून नाही, पण कुठून तरी तुझी शंका तिच्यापर्यंत पोचलीच. मी म्हटलं, मोतीबिंदू काढलाय, आता डोळ्याला काय होणार? टॅबवरचं अक्षरच वाईट आहे. ती म्हणाली, ‘पण अक्षर माझं आहे ना? माझं अक्षर मला कसं फसवंल?’ मी म्हटलं, तुझं होतं, आता नाही. त्यावर ती म्हणाली, बरं, तू म्हणतीस तर.

मी दुसऱ्या दिवशी आपल्या मूळ आराखड्यातून, रुंद खिडकीवाल्या अक्षरांत, एक पान छापलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं घडाघडा वाचलं. एकही चूक नाही. मी छापलं होतं त्रिशरण, आणि ते तिला पाठ आहे, असं तू म्हणशील. म्हण.

आता माझं म्हणणं नीट वाच. एक, खिडकी होती तेवढी रुंद कर. दोन, फॉन्टवर माझं नाव घाल. आणि हे दोन्ही नाही जमलं तरी तिसरं कर. आईला फोन कर आणि तुझ्या तोंडानं सांग, की बाई, चूक माझी आहे, तुमच्या डोळ्यांची नाही. माझं ती ऐकते, पण विश्वास तुझ्यावर ठेवते. नेहमीच ठेवला. वर्गातही मॉनिटर तूच होतीस.

चेतना


२४ ऑगस्ट २०२५

जान्हवी,

फोन केलास. मानलं.

आईनं स्पीकर लावता येत नाही म्हणून मला बोलावलं, त्यामुळे सगळं ऐकलं मी. ‘बाई, ती जागा मीच कमी केली. चेतनाचं बरोबर आहे. पुढच्या अपडेटमध्ये परत रुंद करतेय,’ असं तू म्हणालीस. सरळ म्हणालीस, आढेवेढे घेतले नाहीस. मग आईनं तुझ्या आईचे गुडघे, तुझ्या नवऱ्याची नोकरी, हैदराबादचं पाणी, सगळं विचारून घेतलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, ‘पोरगी गुणाचीच आहे. उगं बोललीस तिला.’ दोन दिवस तिचं तोंड हसरं होतं. शनिवारी सकाळी गुणगुणत भाजी निवडली. भाजीत देठं राहिली, चहा बशीत कमी आणि ओट्यावर जास्त सांडला, पण वय आहे.

तू शेवटी विचारलंस, ‘बाई, पण डोळे दाखवलेत ना?’ तेव्हा मी फोन घेतला आणि कुकर झालाय म्हणून सांगून ठेवून दिला. तेवढं एक तुला सोडवत नाही. चूक कबूल करायची आणि शेपूट मात्र आपल्याच हातात ठेवायचं. असो. नावाचं काय झालं ते कळव. वर्षावास संपायला दीड महिना आहे. तोपर्यंत अपडेट आलं तर समाप्तीचं वाचन आईच करेल. मी माधुरीला तसं सांगूनही ठेवलं आहे.

चेतना


१२ ऑक्टोबर २०२५

जान्हवी,

हे पत्र तुझ्या घरी पाठवते आहे, ऑफिसात नाही. एकटी असशील तेव्हा वाच.

अपडेट सप्टेंबरच्या मध्यावर आलं. मी आधी कॉम्प्युटरवर पाहिलं. खिडकी उघडी. बारीक अक्षरातसुद्धा भ भ दिसत होता. रेघ स्वच्छ, साय नाही. तुझ्या हाताला अजून वळण आहे, हे मी त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं. फॉन्टच्या माहितीत माझंही नाव आलं होतं. ते मी चार वेळा उघडून वाचलं. मग ताट वाढून न्यावं तसा टॅब आईसमोर नेला आणि म्हटलं, घे, वाच आता.

तिनं टॅब हातात घेतला. मान उजवीकडे वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागली. मग डावीकडे. मी म्हटलं, समोर बघ ना. ती म्हणाली, ‘समोर काय नाही गं.’ मी म्हटलं, काय नाही म्हणजे? तिनं टॅब खाली ठेवला आणि माझ्याकडे तोंड केलं. ‘चेतना, तुझं तोंड दिसत नाही मला. कान दिसतात, केस दिसतात. मधी नुसता डाग आहे.’

मी विचारलं, कधीपासून. म्हणाली, ‘झालं की दिवस. तू आधीच त्या पोरीशी भांडत होतीस, त्यात माझं कशाला सांगायचं.’

घाटकोपरला नेलं. त्याच दिवशी, रिक्षानं. डॉक्टर पोरसवदा होती, शांत होती. तिनं आईला गणिताच्या वहीसारखा चौकटींचा कागद दाखवला आणि एक डोळा झाकून विचारलं, रेघा कशा दिसतात. आई म्हणाली, ‘कडेच्या सरळ आहेत, मधल्या झोळ खातात. आणि अगदी मधोमध कागद फाटलाय.’ कागद फाटलेला नव्हता. डॉक्टरनं मला बाजूला न घेता आमच्या दोघींसमोरच सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, मोतीबिंदूशी त्याचा काही संबंध नाही. उजव्या डोळ्याचं आता काही होणार नाही, तिथं व्रण धरला आहे. डाव्यात इंजेक्शनं देऊ, आहे तेवढं टिकेल. सुरुवातीला आणलं असतं तर दोन्ही वाचले असते. मग तिनं विचारलं, ‘रेघा वाकड्या दिसतात हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?’

मला उत्तर ठाऊक होतं. मे महिन्यात मी ते तुला लिहून पाठवलं होतं, पुरावा म्हणून.

मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, ‘मीच अंगावर काढलं डॉक्टर. म्हातारीचा हट्ट. पोरगी बिचारी काय करणार?’ डॉक्टरनं माझ्याकडे पाहून मान हलवली, घरोघरी असंच असतं अशा अर्थानं. मी फाइल धरून उभी होते. तशीच उभी राहिले.

तू विचारलं होतंस ना, बाई अक्षर केवढं ठेवतात? बोराएवढं. ओळीत दोन-तीन शब्द मावायचे. तेवढ्या अक्षरात कुठलीही साय फट बुजवू शकत नाही, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. एप्रिलमध्येही ठाऊक होतं. म्हणून तर त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. खिडकी तू बुजवली होतीस हे खरंच होतं, आणि ते खरं मला इतकं गोड लागत होतं की दुसरं काही खरं असू शकतं हे मी मनात येऊच दिलं नाही. चार वर्षांनी तू एकदाची चुकलेली सापडली होतीस. तू म्हणालीस डॉक्टरकडे ने, म्हणून नेलं नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर नेलं असतं. हे लिहिताना मला तुझाच राग येतो आहे. तू बरोबर होतीस ह्याचा. तो जाईल असं वाटत नाही.

डोळ्यात सुई टोचतात तेव्हा आई माझा हात धरते. दोन इंजेक्शनं झाली. डाव्या डोळ्यानं तिला मोठ्या अक्षरातले ठळक मथळे कळतात, त्याखालचं नाही. सोमवारी आश्विन पौर्णिमेला समाप्ती झाली. वाचन माधुरीनंच केलं. आई पुढच्या रांगेत बसली होती आणि काही ठिकाणी माधुरीच्या आधी अर्धा शब्द पुटपुटत होती. शेवटी सगळ्यांनी तिचा सत्कार केला, शाल दिली. तिनं प्रत्येकीला जवळ बोलावून आवाजावरून ओळखलं. मी चपला सांभाळायच्या निमित्तानं बाहेर थांबले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

आईनं माधुरीकडून तुला डोळ्यांचं कळवलं होतं, त्यावर तू तिला लिहिलेलं पत्र परवा पोचलं. तूही हातानं लिहिलंस, तिला बरं वाटावं म्हणून, मोठ्या अक्षरात. ते तिला आता वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तू लिहिलं आहेस, ‘बाई, मी एप्रिलमध्येच चेतनाला कळवलं होतं, की डोळे दाखवून घ्या. तेव्हाच गेला असतात तर. मी स्वतः यायला हवं होतं.’ ह्यातलं पहिलं वाक्य मी गाळलं. दुसरंही गाळलं. ‘मी स्वतः यायला हवं होतं’ एवढंच वाचलं. आई म्हणाली, ‘बघ किती माया पोरीची. उशीर मी केला आणि हळहळते ती.’

दिवाळीत येते म्हणालीस. ये. आईनं तुझ्यासाठी अनारशांचं पीठ माधुरीकडून आताच करून घेतलं आहे. तू आलीस की ती तुला जवळ बसवून विचारणार, पत्रात काय काय लिहिलं होतंस, पुन्हा सांग. तिला ते एप्रिलचं सांगू नकोस, जान्हवी. आतापर्यंत मी तुझ्याकडे जे जे मागितलं ते सगळं परत घे. फॉन्टवरचं माझं नाव पुढच्या अपडेटमध्ये काढून टाक. कुणी विचारलं तर मी सांगेन की सगळी अक्षरं तूच काढलीस, मुलुंडच्या खोलीत मी नुसता चहा करत होते. कागदावर लिहून हवं असेल तर तसं देते, ह्या वेळी वाचून सही करेन. फक्त एवढं सांगू नकोस. तिला दिसत नाही ते मी सोसते आहे. तिला हे कळलं तरी ती मला माफ करेल, आणि ते मला सोसणार नाही.

ती रोज सकाळी माझा हात धरून मोरीपर्यंत जाते आणि म्हणते, माझ्या हट्टापायी तुला केवढा त्रास झाला गं, तुझं काम बुडालं. आणि मी म्हणते, असू दे आई, होतं असं.

चेतना